तीन रिपोर्ट आणि एक पुरणपोळी

तासगाव तालुक्यातून एका सासूबाईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, म्हणून मुद्द्याचं तेवढं देते.

"डॉक्टरबाई, आमची द्राक्षबाग आहे. घरात आम्ही दोघं, मुलगा, सून आणि चार वर्षांचा नातू. सून लग्न होऊन आली तेव्हापासून अशक्तच. महिन्या-दोन महिन्यांनी तोंड यायचं, साधा वरणभात गिळवायचा नाही. नातवाच्या वेळी रक्त सातवर आलेलं. गोळ्या झाल्या, सलाइनमधून लोह झालं. चढायचं आणि पुन्हा उतरायचं. पोट फुगायचं, मधूनच चार-चार दिवस जुलाब. पहिल्यांदा दुर्बीण घातली तेव्हा जठराला सूज निघाली. पुढच्या वर्षी दुसरीकडं खालून दुर्बीण घातली. आतडं दिसायला चांगलं, पण तुकड्यात पेशी वाढल्यात असं लिहून आलं. शेवटी मिरजेच्या डॉक्टरांनी रक्ताची टीटीजी तपासणी केली, लहान आतड्याचे तुकडे काढले आणि सिलिअॅक आजार सांगितला. गहू कायमचा बंद.

आता मला सांगा, हे तीन आजार आहेत की एक? लहान आतड्याचा रोग, तर मग तोंड का येतं आणि मोठ्या आतड्यात पेशी का वाढतात? भावकीत म्हणतात, 'गव्हानं कधी कुणाला रोग होतोय व्हय? नखरं हाईत.' परवा वास्तुशांतीला तिनं लोकलाजेस्तव एक पुरणपोळी खाल्ली, तिला काही झालं नाही. मग सणावाराला एखादी चालेल का? आमच्याकडं खपली पिकतो, तो तरी चालेल का? प्रतिकारशक्ती वाढवायला शेजारणीनं काढा सांगितलाय, तो देऊ का? आणि नातवाचं काय?"

ताई, तिन्ही रिपोर्टांच्या झेरॉक्स जोडल्यात हे फार बरं केलंत. साताऱ्यात तीस वर्षं मी हेच काम केलं: दुर्बिणीतून काढलेला तिळाएवढा तुकडा मायक्रोस्कोपखाली बघायचा आणि काय दिसतं ते लिहून द्यायचं. तुमचे तीन कागद तीन ठिकाणचे, तीन सह्यांचे. पण एकापाठोपाठ एक वाचले तर एकच वाक्य तीनदा लिहिलंय. जठराच्या कागदावर, अस्तरात लिम्फोसाइट, म्हणजे पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, वाढलेल्या. मोठ्या आतड्याच्या कागदावर, अस्तरात लिम्फोसाइट वाढलेल्या. लहान आतड्याच्या कागदावर तेच, आणि त्याच्यापुढं, रसांकुर, म्हणजे अन्न शोषून घेणारे बारीक उंचवटे, सपाट. पहिल्या दोघांनी आपापल्या खोलीत दिसलं ते बरोबरच लिहिलं. अख्खं घर फिरून बघितलं ते मिरजेच्या डॉक्टरांनी.

तर आजार एकच आहे. आणि तो गहू 'पचत नाही' असा आजार नाही. गल्लत होते ती इथंच, भावकीचीही तीच झालीय. एखाद्याला दूध पचलं नाही तर गुडगुडतं, गॅस होतो, एखादा जुलाब होतो आणि संपतं. आतड्याला जखम होत नाही. सिलिअॅकमध्ये शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच आतड्यावर उलटते, आणि तिला उलटवतं गव्हातलं ग्लूटेन.

ग्लूटेन तुमच्या हाताला चांगलं ओळखीचं आहे. मळून ठेवलेल्या कणकेचा गोळा तोडायला गेलं की ती लांब ताणली जाते, मग तुटते. ज्वारीचं पीठ तसं ताणायला जा, मोडून पडतं. म्हणून तर त्याला गरम पाणी लागतं, आणि भाकरी लाटण्यापेक्षा थापावी लागते. कणकेतला तो चिवटपणा म्हणजे ग्लूटेन. ते गव्हात असतं. जवात, म्हणजे बार्लीत आणि राय नावाच्या परदेशी धान्यातही त्याची भावंडं असतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, वरी, राजगिरा यांत नसतं.

या प्रथिनात प्रोलिन आणि ग्लुटामिन हे दोन घटक ठासून भरलेले असतात, आणि आपल्या पाचक रसांच्या कात्रीला ते धड कापता येत नाहीत. तुमच्या, माझ्या, कुणाच्याच. २००२ साली संशोधकांनी असा एक तुकडा वेगळा काढून दाखवला: ३३ मण्यांची माळ, जी जठराच्या आणि स्वादुपिंडाच्या रसातून जाऊनही तुटत नाही. बहुतेकांच्या पोटातून ही माळ मुकाट निघून जाते. तुमच्या सुनेच्या आतड्यात ती अस्तराच्या आत शिरते, आणि तिथं तिची गाठ पडते टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज नावाच्या एन्झाइमशी. तुमच्या रिपोर्टातलं टीटीजी ते हेच. त्या बिचाऱ्याचं रोजचं काम जखमा सांधायचं. पण माळेत ग्लुटामिन दिसलं की ते त्यात एक बारीकसा बदल करतं, आणि बदललेला तुकडा डीक्यू२ किंवा डीक्यू८ नावाच्या रेणूच्या खोबणीत चपखल बसतो. हे रेणू आईबापांकडून येतात. आपल्या देशात साधारण तीन माणसांत एकाकडं ते असतात, आणि त्यांतल्याही फार थोड्यांना आजार होतो. पण ज्याच्याकडं दोन्ही नाहीत त्याला सिलिअॅक जवळपास होतच नाही.

पुढचं तुमच्या बागेत उभं राहून सांगते. घड भरायला लागले की पाखरं हाकायला राखणदार बसवता ना? आतड्याच्या अस्तरातले राखणदार म्हणजे लिम्फोसाइट. त्या तिथं कायमच असतात. अस्तराच्या शंभर पेशींमागे पंचवीसपर्यंत दिसल्या तर आम्ही रिपोर्टात काही लिहीत नाही. खोबणीत बसलेला तो तुकडा बघून आतल्या मदतनीस टी-पेशी ओरडतात, पाखरं आली. त्या ओरडण्याचं रासायनिक नाव इंटरफेरॉन-गॅमा. अस्तराच्या पेशीही घाबरून हाक देतात, तिचं नाव इंटरल्यूकिन-१५. मग राखणदारांची संख्या वाढते आणि गोफणी फिरायला लागतात. पाखरू नसतंच, धोंडे बसतात ते घडांना. शिवाय बी-पेशी प्रतिपिंडं तयार करतात, ग्लूटेनविरुद्ध आणि त्याहून विचित्र म्हणजे त्या सांधेकाम करणाऱ्या टीटीजीविरुद्धही. ही दुसरी प्रतिपिंडं नेमकी कुणाविरुद्ध आहेत हे १९९७ साली जर्मनीत सापडलं, म्हणून आज मिरजेत एका रक्ताच्या नमुन्यावर संशय पक्का होतो.

निरोगी लहान आतड्याचा तुकडा मायक्रोस्कोपखाली म्हणजे पौषातलं शाळूचं रान. ताटासारखे उंच, बारीक रसांकुर एकमेकांना लागून उभे, आणि त्यांच्यावरून अन्न सरकत जातं तेव्हा शोषून घ्यायला जागाच जागा. तुमच्या सुनेच्या तुकड्यात ताटं नाहीतच, धसकटंही नाहीत. नुसती सपाट जमीन. खाली मुळाशी जे खोलगट खड्डे असतात, ते मात्र आणखी खोल झालेले, कारण वरच्या पेशी भराभर मरतायत आणि खालून भराभर नव्या तयार होतायत. आणि सगळीकडं लिम्फोसाइटचे गोल, गडद जांभळे ठिपके, कुणी मोहरी सांडल्यासारखे. रिपोर्टात 'मार्श ३सी' लिहिलंय ते यालाच. मायकेल मार्श या ब्रिटिश संशोधकानं १९९२ साली या बिघाडाच्या पायऱ्या मांडल्या: आधी नुसत्या पेशी वाढतात, मग खड्डे खोल होतात, मग रसांकुर झडतात. 'सी' म्हणजे पूर्ण सपाट.

आता तोंडापासून खालपर्यंत जाऊ.

सर्वांत जास्त मार बसतो तो लहान आतड्याच्या पहिल्या वीतभर भागाला. जठरातून बाहेर पडलेल्या, न तुटलेल्या माळा तिथं सर्वांत जास्त असतात. खाली जावं तशा कमी होत जातात. आणि आपलं लोह मुख्यतः याच वीतभर भागात शोषलं जातं. तुमची सून गोळ्या इमानानं घेत होती, पण उचलून आत घ्यायला तिथं माणूसच नव्हतं. सलाइनमधून दिलेलं चढलं, कारण ते आतड्याला वळसा घालून थेट रक्तात गेलं. पुन्हा उतरलं, कारण रोजच्या जेवणातलं लोह आत येण्याचा रस्ता बंदच राहिला. "गोळ्या नीट घेत नसशील" हे वाक्य तिनं किती वेळा ऐकलं असेल, विचारून बघा. दूध पचवणारं एन्झाइमही रसांकुरांच्या शेंड्यावरच असतं. शेंडे झडले की दुधानं पोट फुगतं, आणि अस्तर भरून आलं की बहुधा पुन्हा दूध चालायला लागतं. म्हणून सध्या तिला चहाचा त्रास झाला तर आयुष्यभराचं दूध तोडू नका.

तोंड येणं हे सिलिअॅकमध्ये फार वेळा दिसतं, आणि त्याच्यावरून आजार फार कमी वेळा ओळखला जातो. थोडा दोष लोह, फोलिक अॅसिड, बी-१२ कमी पडण्याचा, कारण तोंडाचं अस्तर दर थोड्या दिवसांनी नवं होतं आणि त्याला हा माल सतत लागतो. पण तेवढंच नसावं, कारण काहींच्या रक्तात कमतरता दिसत नाही तरी तोंड येतं, आणि गहू थांबवला की थांबतं. लहान वयात आजार सुरू झाला तर पक्क्या दातांच्या इनॅमलवरही डाग, खड्डे दिसू शकतात. नातवाच्या बाबतीत हे ध्यानात ठेवा.

जठरात ग्लूटेन फार वेळ थांबत नाही, तिथं रसांकुरही नाहीत, तरी काही रुग्णांच्या जठराच्या अस्तरात लिम्फोसाइट गर्दी करतात. तुमचा पहिला कागद तोच. त्याला लिम्फोसायटिक गॅस्ट्रायटिस म्हणतात. त्याची इतर कारणंही असतात, हेलिकोबॅक्टर जंतू हे त्यातलं एक; पण अशी सूज दिसली की वीतभर खाली उतरून लहान आतड्याचाही तुकडा घ्यावा, हा शहाणपणा. पहिल्या वेळी तो घेतला असता तर एक वर्ष वाचलं असतं. मी त्या डॉक्टरांना बोल लावत नाही, का ते पुढं सांगते.

मोठं आतडं तर आणखी चमत्कारिक. तिथपर्यंत ग्लूटेनचे फार थोडे तुकडे पोचतात. तरी सिलिअॅकच्या रुग्णांमध्ये मायक्रोस्कोपिक कोलायटिस नावाचा प्रकार इतरांपेक्षा जास्त दिसतो. नावातच सगळं आलं: दुर्बिणीतून आतडं गुळगुळीत, गुलाबी, चांगलं, मायक्रोस्कोपखाली बघावं तर अस्तर लिम्फोसाइटनी भरलेलं. तुमच्या दुसऱ्या कागदावर 'वाढल्यात' एवढंच आहे, किती ते नाही. शंभर अस्तरपेशींमागे वीस किंवा त्याहून जास्त असतील तर त्याला हे नाव देतात. म्हणून त्या स्लाइड मिरजेच्या डॉक्टरांकडून पुन्हा एकदा बघून घ्यायला सांगा. गहू पूर्ण थांबवूनही सहा-आठ महिन्यांनी पातळ जुलाब होतच राहिले, तर आधी घरात कुठून गहू शिरतोय ते शोधायचं आणि मग या कोलायटिसचा विचार करायचा. त्याला वेगळं औषध आहे.

आणि सर्वांत खालचं टोक. १९९० च्या सुमारास इंग्लंडमध्ये, याच मार्श यांच्या गटानं, सिलिअॅक असलेल्या लोकांच्या गुदाशयात थेट ग्लूटेन सोडून बघितलं. म्हणजे तोंड नाही, जठर नाही, लहान आतडं नाही. शेवटच्या खोलीचं दार उघडून आत टाकलं. काही तासांतच तिथल्या अस्तरात लिम्फोसाइट वाढल्या. तिथं एरवी कधी गव्हाचा घास जात नाही, तरी ग्लूटेन ओळखणारे राखणदार तिथंही बसलेले होते. तुमच्या प्रश्नाचं याहून चांगलं उत्तर माझ्याकडं नाही. अन्नमार्गाचं अस्तर ही एकच लांब बाग आहे, आणि एका टोकाच्या राखणदारांना मिळालेला चुकीचा निरोप ते फिरत-फिरत दुसऱ्या टोकाला नेतात. नुकसान जास्त कुठं होतं, तर जिथं ग्लूटेनचा लोंढा मोठा. सावधगिरी मात्र सगळीकडं.

यातलं सगळं सगळ्यांना होत नाही. कुणाला फक्त रक्त कमी, कुणाला फक्त तोंड येणं, कुणाच्या रक्तात यकृताची एन्झाइम वाढलेली निघतात आणि गहू थांबवल्यावर उतरतात. कुणाला पोटाचं काहीच नाही आणि कोपरा-गुडघ्यांवर खाजरे फोड. थायरॉइडचा आजार आणि लहान मुलांतला मधुमेह यांच्याशीही याची सोयरीक आहे.

आता माझी गोष्ट. नव्वदच्या दशकात एका शिक्षिकेच्या लहान आतड्याचा एकच तुकडा माझ्याकडं आला. अस्तर चपटं होतं, पेशी वाढलेल्या होत्या. तुकडा तिरका कापला गेला तरी रसांकुर आखूड दिसतात, आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं की सिलिअॅक हा पंजाब-हरियाणाकडचा, पोराटोरांचा आजार. 'जुनाट जंतुसंसर्ग असावा' असं लिहून मी सही केली. तीन वर्षांनी दुसऱ्या गावाहून त्याच बाईंचे चार तुकडे आले, सगळे सपाट. तोवर तिची हाडं ठिसूळ होऊन मनगट मोडलं होतं. जुनी स्लाइड काढून पुन्हा बघितली. सगळं तिथंच होतं. तेव्हापासून एकच तुकडा आला की मी आणखी मागवायला लागले. आज नियमच आहे, लहान आतड्याच्या त्या पहिल्या वीतभर भागातल्या दुसऱ्या टप्प्यातले किमान चार आणि अगदी सुरुवातीच्या फुगवट्यातला एक-दोन, कारण बिघाड कुठं जास्त, कुठं कमी, असा ठिगळाठिगळांनी असतो.

भावकीला दोन गोष्टी सांगा. एक नेदरलँडची. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथं भयंकर अन्नटंचाई झाली, पाव मिळेनासा झाला. माणसं भुकेनं मरत होती, पण विलेम डिके नावाच्या बालरोगतज्ज्ञाच्या वॉर्डातली सिलिअॅकची मुलं उलट सुधारत होती. पाव परत आला आणि मुलं पुन्हा आजारी पडली. त्याला आधीपासूनच गव्हाचा संशय होता. १९५० साली त्यानं प्रबंध लिहून तो मांडला. दुसरी आपल्या देशातली. तेवीस हजारांवर लोकांच्या तपासणीचा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला: रक्तात सिलिअॅकची प्रतिपिंडं सापडली ती उत्तर भारतात शंभरात एकाहून थोड्या जास्त लोकांत, दक्षिणेत हजारात एकात. डीक्यू२-डीक्यू८ असणाऱ्यांचं प्रमाण दोन्हीकडं जवळपास सारखंच होतं. फरक होता तो ताटातल्या गव्हाचा. आपण मधले. माझ्या आजीच्या घरी चपाती पाहुणा आला तरच व्हायची, आज तुमच्या-माझ्या घरात दोन्ही वेळा होते. तेव्हा 'आपल्यात असलं काही नव्हतं' म्हणणाऱ्याला विचारा, आपल्यात रोजची चपाती तरी कधी होती?

पुरणपोळीचं. तिला काही झालं नाही, हे खरंय. तिला कळण्यासारखं काही झालं नाही. उपचारावर असलेल्या रुग्णांना एकदाच ग्लूटेन देऊन रक्त तपासलं, तर दोन-चार तासांतच इंटरल्यूकिन-२ वाढलेलं सापडतं, म्हणजे टी-पेशी जाग्या झाल्याची खूण. या आठवण ठेवणाऱ्या पेशी आयुष्यभर टिकतात. किती ग्लूटेननं बिघडतं, तर २००७ च्या एका इटालियन अभ्यासात रोज ५० मिलीग्रॅम, तीन महिने, एवढ्यानं अस्तर बिघडलं. एका मध्यम चपातीत अडीच ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन असतं. हिशेब तुम्हीच करा: चपातीचा पन्नासावा तुकडा, रोज. कावळ्याला ठेवतो तेवढाही नाही. म्हणून 'सणाला एखादी' याचं उत्तर नाही असंच आहे, आणि ते तुम्ही द्या. वास्तुशांतीला सून 'नको' म्हणू शकत नाही. सासूनं म्हटलेलं 'तिला नको वाढू' चालून जातं.

खपलीही नाही. मला माहीत आहे, खीर खावी तर खपलीची, आणि कृष्णाकाठच्या माणसाला त्याच्याविरुद्ध बोललेलं सोसत नाही. पण तो गव्हाचाच जुना भाऊ आहे. त्याच्यात ग्लूटेनची ठेवण थोडी वेगळी असते, इतर कुणाला तो हलका वाटत असेल, सिलिअॅकवाल्याला तितकाच घातक. 'ग्लूटेन कमी' अशी जाहिरात करून विकणाऱ्याचं ऐकू नका. इथं कमी चालत नाही. रवा, मैदा, दलिया, शेवया ही त्याच गव्हाची पोरं. सत्यनारायणाचा शिराही.

चपाती दिसते म्हणून टाळता येते. न दिसणारा गहू जास्त छळतो. मेतकुटात गहू असतो, थालिपिठाच्या भाजणीत असतो, सातूच्या पिठात असतो. दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत जव असतात. बाहेरच्या भजी-वड्याच्या तेलात पुऱ्या तळलेल्या असतात. आणि हिंग. फोडणीच्या डब्याशेजारची हिंगाची डबी उचला आणि चष्मा लावून घटक वाचा. आपण रोज वापरतो तो बांधणी हिंग, म्हणजे थोडा हिंग, डिंक आणि पीठ. ते पीठ बहुतेक वेळा गव्हाचं. तांदळाच्या पिठाचा मिळतो, तो आणा, नाहीतर खडा हिंग. घरातलं आमटी, भाजी, भडंग सगळं त्या फोडणीतनं जातं.

दुसरी जागा गिरणी. शाळू स्वतःच्या रानातला, डबा स्वच्छ धुतलेला, पण तुमच्या आधी कुणीतरी दहा किलो गहू दळून गेलेला असतो. जात्याच्या खोबणीत, कापडी नळीत, गिरणीवाल्याच्या भुवयांवरसुद्धा ती पिठी असते. पहिलं शेर-दोन शेर पीठ तुमच्या डब्यात येतं ते निम्मं त्याचंच. शक्य असेल तर घरघंटी घ्या आणि तिच्यात गहू कधीच घालू नका. बाकीच्यांचा गहू गिरणीत जाऊ दे. सुनेसाठी लाकडी पोळपाट, काठवट आणि पिठाची चाळण वेगळी ठेवा. स्टीलची भांडी आणि तवा नीट घासले की पुरे. आणि एकाच ओट्यावर कोरडी पिठी उडवत चपात्या लाटायच्या असतील तर तिची भाकरी आधी करून झाकून ठेवा. बरं, उपवासाचं जेवण जवळपास सगळं तिला चालतं. भगर, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा. तिला म्हणावं, रोज एकादशी.

काढ्याचं थोडक्यात: नको. तिची प्रतिकारशक्ती कमी नाहीच, ती चुकीच्या दिशेला धावतेय. तिला आणखी चाबूक कशाला? ग्लूटेन बंद करण्याऐवजी चालेल अशी मान्यताप्राप्त गोळी आज बाजारात नाही. एक मात्र डॉक्टरांना विचारा. मोठ्यांच्या सिलिअॅकमध्ये काही वेळा प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढायला मदत करणारी पांथरी, मंदावते, त्यामुळं न्यूमोनियाची लस द्यायची का. थायरॉइड, ड जीवनसत्त्व आणि हाडांची घनता यांच्या तपासण्या झाल्या नसतील तर त्याही करून घ्या.

सुधारणा टप्प्याटप्प्यानं होईल. जुलाब आणि पोट फुगणं काही आठवड्यांत कमी व्हावं, रक्त काही महिन्यांत टिकायला लागावं. टीटीजीचा आकडा सहा महिन्यांनी आणि वर्षानं तपासायचा. तो उतरत असेल तर तिच्या पोटात जाणारा गहू बहुधा थांबलाय. अस्तराला वेळ लागतो, मोठ्या माणसांत दोन वर्षंही लागतात, आणि काही राखणदार त्यानंतरही अस्तरात बसून राहतात.

नातवाबद्दल तुम्ही शेवटी विचारलंय, पण करायचं पहिलं. आई, बाप किंवा भावंडाला सिलिअॅक असेल तर दहातल्या एकाला असू शकतो. त्याची टीटीजी-आयजीए आणि एकूण आयजीए (आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार), अशी रक्ताची तपासणी करून घ्या, आणि तोवर त्याचा गहू अजिबात थांबवू नका. घरात आता भाकरीच होणार म्हणून तोही चपाती सोडेल, काही महिन्यांनी तपासणी चांगली येईल आणि आपण फसू. खाण्यात गहू नसेल तर प्रतिपिंडं उतरतात आणि आजार लपतो. आता तपासणी नीट आली तरी काही वर्षांनी पुन्हा करायला लागेल. तोवर त्याची उंची आणि वजन अंगणवाडीच्या तक्त्यावर बघत राहा, आणि दळण घरघंटीवर हलवायच्या आधी त्याला मिरजेला नेऊन आणा.